रोज पहिला बाद होतो, तरी रोज जातो

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका मूळच्या पुण्याच्या, दोन वर्षांपासून न्यू जर्सीत. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. त्यांच्या बंद गल्लीत एका शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेवर बास्केटबॉलचा हूप, म्हणजे नेमाची रिंग, आहे. संध्याकाळी नऊ ते तेरा वयाची सात-आठ मुलं तिथे जमतात. संघ पाडून सामना असा नसतोच, ‘नॉकआउट’ आणि ‘हॉर्स’ हे नेम मारायचे खेळ चालतात. नॉकआउटमध्ये त्यांचा मुलगा जवळजवळ दरवेळी पहिला बाद होतो. परवा तो रडत घरी आला. ‘ते चीटिंग करतात, मध्येच नियम बदलतात, मला येत नाही हे माहीत असून मुद्दाम डाव्या हाताने टाकायला लावतात’ असं म्हणाला. तरी दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला बूट घालून तयार. नवरा म्हणतो, खासगी कोच लावू आणि एएयूच्या, म्हणजे गावोगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या, टीमच्या निवडीला पाठवू. भारतातून आलेल्या सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा घरात बसून गणितं सोडव म्हणावं. पत्रलेखिकेच्या मनात आहे की त्यांतल्या सगळ्यात मोठ्या, तेरा वर्षांच्या मुलाच्या आईशी (हूप त्यांच्याच दारात आहे) एकदा स्पष्ट बोलावं. त्या विचारतात, पाठवणं थांबवू, त्या बाईंशी बोलू, की कोच लावू? आणि मुळात हा खेळ आहे की नुसता टाइमपास?

उत्तर:

तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘तरी दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला बूट घालून तयार’. मी तुमचं पत्र तिथून उलटं वाचायला सुरुवात केली. दहा वर्षांच्या मुलाला एखादी जागा खरोखर नकोशी झाली, की त्याचं पोट दुखतं, गृहपाठ एकाएकी वाढतो, बूट सापडत नाहीत. तुमच्या मुलाला बूट सापडतायत. म्हणजे त्याला तिथून सुटायचं नाहीये, तिथे टिकायचंय. तुम्ही विचारलेले तिन्ही उपाय मात्र त्याला तिथून बाहेर काढणारे आहेत. पाठवणं थांबवलं तर उघडच, पण कोच आणि टीम म्हणजेही दुसरीकडे नेणं, आणि त्या आईशी बोलणं म्हणजे तो तिथे असतानाच त्याला वेगळा काढणं. त्याचं रडणं थांबावं ही तुमची गरज आहे. त्याची गरज वेगळी असू शकते. तो रडेल आणि परत जाईल, एवढंच त्याला चालत असेल.

आता त्याची तक्रार बघू. ज्यांना हे खेळ माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. हॉर्समध्ये पहिला खेळाडू हवा तिथून, हवा तसा नेम मारतो. बॉल आत गेला तर पुढच्याने हुबेहूब तसाच मारायचा. चुकला तर त्याच्या नावावर एक अक्षर चढतं, आधी एच, मग ओ. पाच अक्षरं होऊन ‘हॉर्स’ पुरा झाला की तो बाद. पहिल्याचाच नेम चुकला तर शॉट ठरवायचा हक्क पुढच्याकडे जातो. वेळ कमी असेल तर तीन अक्षरांचा ‘पिग’ खेळतात.

म्हणजे ‘मला येत नाही तोच शॉट मुद्दाम दिला’ ही चीटिंग नव्हे, हाच तर तो खेळ आहे. समोरच्याला काय जमत नाही हे ताडून तेच करून दाखवायचं. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे अमेरिकेतली सगळी मैदानं बंद होती तेव्हा एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या आणि महिला लीगच्या नामवंतांनी आपापल्या घरच्या हूपवर कॅमेऱ्यासमोर हॉर्सच खेळून दाखवला होता, आणि दोन्ही हातांनी नेम मारणारा एनबीएचा खेळाडू माइक कॉनली जिंकला. दोन्ही हातांनी सारखाच सराईत असलेला माणूस या खेळात अवघड जातो, ते तिथेही दिसलं. तुमच्या गल्लीतला तो तेरा वर्षांचा मुलगा डाव्या हाताने बॉल टाकायला लावतो तेव्हा तो तेच करतोय. त्याला वाईट ठरवायची घाई नको.

नियम मध्येच बदलण्याचं काय? इथे थोडी चौकशी करा. हॉर्समध्ये घराघरांत पोटनियम असतात. शेवटचं अक्षर चढण्याआधी ‘प्रूव्ह इट’ म्हणजे शॉट ठरवणाऱ्याने तो पुन्हा मारून दाखवायचा की नाही, रिंगमागच्या बोर्डाला लागून गेलेला बॉल चालतो की नाही, ओळीवर पाय पडला तर काय. जुन्या मुलांना हे तोंडपाठ असतं, नव्याला प्रत्येक वेळी वाटतं की आत्ताच बनवला. तुमच्या मुलाला म्हणा, ‘मला शिकव हा खेळ, नियम सांग.’ सांगता सांगता त्याचं त्यालाच कळेल की कुठला नियम ठरलेला होता आणि कुठल्या ठिकाणी खरंच लबाडी झाली. काही लबाडी असेलच. रडीचा डाव जगात सगळीकडे असतो, जर्सीतही असणार.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांना गोट्या खेळताना बघून, त्यांच्याशी नियमांबद्दल बोलून, १९३२ मध्ये आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. लहान मुलांना नियम म्हणजे मोठ्यांनी घालून दिलेली, न हलणारी गोष्ट वाटते. दहा-बाराच्या सुमाराला मुलांना उमगायला लागतं की नियम आपणच, सगळ्यांच्या संमतीने ठरवायचे असतात आणि संमतीनेच बदलायचे असतात. तुमचा मुलगा बरोबर त्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याला ‘बदललेला नियम’ म्हणजे अन्याय वाटतोय, मोठ्यांना ती वाटाघाट वाटतेय. हे अंतर तो त्या ड्राइव्हवेवर भांडूनच कापेल. आई मध्ये पडली तर ते भांडण आयांचं होईल.

आणि त्यात एक तोटा आहे, तो तुम्हाला लगेच कळेल. आपल्याकडे धाकट्या भावंडांना खेळात घेतात ते कच्चा लिंबू म्हणून. पळतो, ओरडतो, पण बाद झाला तरी बाद नाही, कारण तो मोजणीतच नाही. पाच वर्षांच्या पोराला त्यात मजा असते. दहा वर्षांच्याला तो अपमान असतो. तुम्ही त्या बाईंना फोन केलात, त्यांनी लेकाला दम दिला, की उद्यापासून तुमच्या मुलाला सोपे शॉट मिळतील, दोन-दोन संधी मिळतील, आणि तो कायमचा कच्चा लिंबू होईल. तो पहिला बाद होतो याचा अर्थ निदान त्याला मोजतात तरी.

एवढं बोलून झाल्यावर एका बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. नॉकआउट हा खेळ मुळातच कच्च्या खेळाडूवर अन्याय करणारा आहे. सगळे रिंगसमोरच्या रेघेवर, म्हणजे फ्री थ्रो लाइनवर, रांगेत, बॉल दोन. पहिल्याने मारला की लगेच दुसऱ्याने मारायचा. पहिल्याचा चुकला तर त्याने धावत बॉल पकडून जमेल तिथून आत टाकायचा, पण मागच्याचा बॉल त्याआधी आत गेला तर पहिला बाद. बाद झालेला कडेला बसतो आणि डाव संपेपर्यंत बसूनच राहतो. म्हणजे ज्याला सरावाची गरज सगळ्यात जास्त त्याच्या वाट्याला नेम सगळ्यात कमी, आणि ज्याला आधीच येतं तो शेवटपर्यंत मारत राहतो. शिबिरांतले प्रशिक्षकही नॉकआउट लावतात, कारण दोन बॉलांत तीस पोरं गुंततात. गुंततात कसली, निम्मी बसून असतात. मला हा खेळ शिबिरात लावलेला अजिबात आवडत नाही. गल्लीत मुलं आपण होऊन खेळतात तेव्हा माझी हरकत नाही, पण दुरुस्तीला वाव आहे. ज्याने तुम्हाला बाद केलं तो बाद झाला की तुम्ही परत आत, अशी एक पद्धत आहे. किंवा बाद झालेल्याने कडेला दुसरा बॉल घेऊन ठरावीक ठिकाणांहून नेम मारले की रांगेच्या शेवटी पुन्हा उभं राहायचं.

किंवा खेळच बदलायचा. ‘अराउंड द वर्ल्ड’ त्या मुलांना माहीत असणारच. रिंगभोवती अर्धवर्तुळात जागा ठरवायच्या, एकेका जागेवरून बॉल आत गेला की पुढे सरकायचं, चुकला तर थांबायचं. हवी तर ‘चान्स’ म्हणून आणखी एक संधी घ्यायची, पण तीही हुकली तर पुन्हा पहिल्या जागेवर. यात कोणी बाद होत नाही. मागे राहतो, पण खेळत राहतो. आणि चान्स घ्यायचा की गुपचूप थांबायचं, हे ठरवताना त्या वयाच्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

हे तुम्ही सुचवायचं नाही, त्याने सुचवायचं. पण त्याचं ऐकणार कोण? तर ज्याची बॅट त्याची बॅटिंग हा नियम बास्केटबॉललाही लागू आहे. त्याला स्वतःचा बॉल द्या. बॉल घेऊन येणाऱ्याला ‘आज आधी अराउंड द वर्ल्ड’ म्हणायचा थोडा तरी हक्क आपोआप मिळतो.

बॉल कुठला, हे मात्र नीट बघून घ्या, कारण मला शंका आहे की निम्मं दुखणं इथेच आहे. तेरा वर्षांच्या मुलांचा बॉल बहुधा सात नंबरचा, म्हणजे पुरुषांचा असणार, आणि रिंग पूर्ण दहा फुटांवर. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल ही तिथली राष्ट्रीय संघटना यांनी मिळून मुलांसाठी केलेल्या मार्गदर्शनात नऊ ते अकरा वर्षांसाठी पाच नंबरचा बॉल (घेर साडेसत्तावीस इंच) आणि नऊ फुटांवर रिंग सुचवलीय. सात-आठ वर्षांसाठी त्याहून लहान बॉल आणि आठ फूट. जड बॉल उंच रिंगकडे ढकलायला हाताची ताकद पुरत नाही, मग मूल बॉल कमरेपासून किंवा खांद्यामागून भिरकावतं आणि तीच सवय अंगात मुरते. तुमच्या मुलाचा नेम कच्चा आहे की बॉल जड आहे, हे पाच नंबरच्या बॉलने एका संध्याकाळी कळेल.

‘पण खरी रिंग दहा फुटांवरच असते’ असं त्याचे बाबा म्हणतील. ती दहा फुटांवर का, याची गोष्ट त्यांना सांगा. डिसेंबर १८९१, मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड. वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत अठरा जणांचा एक वर्ग हिवाळ्यातल्या कवायतींना पार कंटाळलेला होता, शिक्षकांना दाद देत नव्हता. जेम्स नायस्मिथ या शिक्षकावर त्यांना आत, छपराखाली, गुंतवून ठेवायची जबाबदारी आली. त्याने पीचच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि फुटबॉल हातात दिला. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर आहे. तो आठ फुटांवर असता तर आपण आज आठ फुटांना पवित्र मानलं असतं. आणि सासूबाईंच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. बास्केटबॉल जन्मालाच आला तो कंटाळलेल्या पोरांचा हिवाळा जावा म्हणून.

तरी ‘त्यातून शिकायला काय मिळतं’ असं कोणी विचारलंच, तर १९७८ मधला एक छोटा प्रयोग आहे, केर आणि बूथ या संशोधकांचा. आठ वर्षांच्या मुलांनी दाण्यांनी भरलेली लहान पिशवी जमिनीवरच्या खुणेवर टाकायची. काहींनी फक्त तीन फुटांवरून सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून, तीन फुटांवरून कधीच नाही. मग सगळ्यांची परीक्षा तीन फुटांवरून घेतली. दोन-चारवाली मुलं सरस ठरली. अंतर बदलत राहिलं की हात त्या एका अंतराची घोकंपट्टी न करता अंदाज घ्यायला शिकतो. हॉर्समध्ये आणि अराउंड द वर्ल्डमध्ये दर वेळी जागा बदलते. एका ठिकाणी उभं करून पन्नास नेम मारायला लावणाऱ्या कोचपेक्षा तुमची गल्ली त्याबाबतीत मागे नाही. मात्र हे सासूबाईंना गणित म्हणून विकायला जाऊ नका. अक्षरं मोजून कोणाचं गणित सुधारत नाही, आणि त्यांना ते लगेच कळेल.

आता थोडी चलाखी, त्याच्या कानात सांगायला. नॉकआउटमध्ये तुम्हाला बाद करतो तो तुमच्या मागे उभा असलेला. त्यामुळे रांग लागते तेव्हा उत्तम नेमबाजाच्या पुढे उभं राहू नये, मागे राहावं. मागे एखादा आपल्यासारखाच असू द्यावा. तुमचा मुलगा बहुधा उत्साहाने पहिला जाऊन उभा राहतो आणि तो तेरा वर्षांचा बरोबर त्याच्या पाठीमागे येतो. पहिला नेम घाईत मारू नये. चुकला तर बॉल उसळून लांब पळतो आणि खेळ तिथेच संपतो. चुकलाच तर बॉल पकडून लांबूनच परत भिरकावू नये, दोन पावलं आत येऊन रिंगच्या बाजूने, बोर्डावरच्या चौकोनाच्या जवळच्या वरच्या कोपऱ्यावर हलकेच टेकवावा. तिरक्या कोनातून तिथे लागलेला बॉल आपसूक आत पडतो. हे एवढंच घरी दहा मिनिटं करून घेता येतं.

हॉर्ससाठी मात्र स्वतःचा असा एक शॉट हवा, इतरांना हसू येईल असाच. जमिनीवर बसून, रिंगकडे पाठ करून, काहीही, पण घरी घोटून पक्का केलेला. माझी सूचना: खालून, दोन्ही हातांनी, गुडघ्यांपासून झुलवत टाकायचा. अमेरिकेत त्याला ‘ग्रॅनी शॉट’ म्हणजे आजीचा शॉट म्हणून चिडवतात. रिक बॅरी हा एनबीएतला नामांकित खेळाडू आपले फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे, कोणी न अडवता मारायचे नेम) आयुष्यभर असेच मारायचा आणि त्याचे शंभरातले सुमारे नव्वद आत जायचे. विल्ट चेंबरलेन हा अवाढव्य खेळाडू फ्री थ्रोमध्ये फार कच्चा होता. १९६१-६२ च्या मोसमात तो खालून टाकायला लागला. २ मार्च १९६२ ला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात त्याने एका सामन्यात शंभर गुण केले, तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. त्या रात्री त्याच्या बत्तीसपैकी अठ्ठावीस फ्री थ्रो आत गेले. आणि तरीही पुढे त्याने ही पद्धत सोडली. ती बायकी दिसते याची लाज वाटायची, असं त्यानेच नंतर कबूल केलं. जमत असलेली गोष्ट लोक हसतील म्हणून सोडणारा माणूस सात फूट उंच आणि जगात अव्वल असू शकतो. दहा वर्षांच्या मुलाला हसण्याचा किती त्रास होत असेल, ते त्याच्या बाबांनी यावरून ताडावं.

गणिताचा आग्रह धरणाऱ्या सासूबाईंना एकदा ड्राइव्हवेवर घेऊन जा, हातात बॉल द्या. साडी नेसलेल्या आजीने आजीचा शॉट आत टाकला, तर गल्लीत तुमच्या मुलाचा भाव जितका वाढेल तितका कुठल्याही कोचने वाढणार नाही. नाही पडला आत, तरी त्या पुन्हा येतील असं मला वाटतं.

कोचबद्दल थोडंच. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉलच्या ज्या मार्गदर्शनाचा वर उल्लेख केला, त्यातच म्हटलंय की चौदा वर्षांआधी मुलाला एकाच खेळाला जुंपू नये. शनिवार-रविवार गाडी चालवत स्पर्धांना जाणारी टीम ही दहाव्या वर्षी मुलाची गरज असण्यापेक्षा बापाची हौस असण्याची शक्यता जास्त. मुलाने स्वतः मागितलं तर गावाच्या रिक्रिएशन विभागाची हिवाळी लीग बघा, बहुतेक गावांत असते. तिथे निवडीचं दडपण नसतं.

त्या आईंना जरूर भेटा, पण तक्रार घेऊन नको. रोज त्यांच्या दारात सात-आठ मुलं असतात, बॉल त्यांच्या गॅरेजवर आपटतो, त्याबद्दल आभार मानायला जा. उन्हाळ्यात आइसपॉपचा डबा न्या. किती वाजता मुलांनी घरी जावं, बॉल रस्त्यावर गेला तर काय, हे ठरवून घ्या. एवढी ओळख झाली की कधी खरंच बोलायची वेळ आली तर ते बोलणं जड जात नाही. तशी वेळ येऊ शकते. त्याचे उच्चार, डबा, रंग यांवरून चिडवणं सुरू झालं, बॉल रिंगऐवजी त्याच्या अंगावर यायला लागला, किंवा नियम फक्त त्याच्यापुरतेच बदलायला लागले, तर मुलांचं मुलं बघतील म्हणत बसू नका, त्याच दिवशी बोला. आणि ज्या दिवशी त्याला बूट सापडेनासे होतील त्या दिवशीही.

तो रडत आला तर त्या वेळी नियमांची चर्चा काढू नका. पाणी द्या, जेवू द्या. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला, निघायच्या आधी, विचारा, ‘आज रांगेत कुठे उभा राहणार?’

पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांमधूनही मला अशी पत्रं येतात, तिथे मुलांच्या भांडणापेक्षा पार्किंगमधल्या धपधप आवाजाची भांडणं जास्त. त्यांना एकच सांगते. बिल्डरने दहा फुटांवर ठोकलेल्या रिंगशेजारी एक खालची रिंग बसवून घ्या. मिनी बास्केटबॉलसाठी ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २.६० मीटर, म्हणजे साधारण साडेआठ फूट उंची ठरवलीय. खेळायच्या वेळा लिहून लावा, आणि त्या लिहिताना मुलांनाही बोलवा.

तुमच्याकडे आधी पाच नंबरचा बॉल आणा, हूप लगेच नको. स्वतःचा हूप आला की मूल अंगणात एकटं पडतं, आणि आत्ता तरी त्याला माणसं हवीयत. पुढेमागे घेतलाच तर उंची कमी-जास्त करता येणारा घ्या आणि तळात पाण्याऐवजी वाळू भरा. न्यू जर्सीच्या थंडीत पाणी गोठून तळ तडकतो.